जुन्या जीपची उंची वाढवताना

जुन्या जीपची उंची वाढवण्याचा विचार करणाऱ्याने आधी त्या गाडीने आजवर किती उंची गमावली आहे ते मोजून पाहावे, असे माझे ठाम मत आहे. तीस-चाळीस वर्षे वजन पेलणारे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या कमानदार स्प्रिंगा, हळूहळू बसत जातात, आणि ते इतक्या सावकाश बसतात की रोज गाडी हाताळणाऱ्याच्याही ते ध्यानात येत नाही. मग एखाद्या घाटवाटेवर चेसिस दगडाला घासली की सस्पेन्शन लिफ्ट बसवण्याची चर्चा सुरू होते. माझी महिंद्रा सीजे ३४० सपाट जमिनीवर उभी करून मी चारही चाकांपाशी ॲक्सलची नळी आणि चेसिस यांच्यामधील अंतर मोजले, तेव्हा पुढची उजवी बाजू डावीपेक्षा पाऊण इंच खाली असल्याचे आढळले आणि मागच्या पाट्यांची कमान तर जवळजवळ नाहीशी झाली होती. चालक आणि स्टेअरिंग बॉक्स दोन्ही उजवीकडे असल्यामुळे हा कल अपेक्षितच होता. मला जी उंची हवी होती तिच्यातला बराचसा भाग गाडीची मूळची मालमत्ताच होता आणि तो तिला परत मिळवून द्यायचा होता.

या गाडीचे मूळ विलीजच्या सीजे ३बी या जीपमध्ये आहे. अमेरिकेत ती १९५३ ते १९६८ या काळात तयार झाली. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली होती, आणि पुढे ३बी ची बनावट आपल्याकडे कित्येक दशके टिकून राहिली. तिचे बॉनेट एवढे उंच असण्याचे कारण असे की मूळच्या हरिकेन पेट्रोल इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह वरच्या बाजूला होते आणि ते आधीच्या बॉनेटखाली मावत नव्हते. पुढे त्याच जागी डिझेल इंजिने आली; माझ्या गाडीत प्यूजोच्या बनावटीचे २११२ सीसीचे एक्सडीपी ४.९० हे इंजिन आहे. जड डिझेल इंजिनाचा भार वर्षानुवर्षे वाहिल्यावर पुढचे पाटे बसले, यात नवल नाही.

उंची वाढवून नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, हे आधी स्पष्ट असले पाहिजे, कारण बहुतेकांचा गैरसमज इथेच असतो. पाट्यांनी उचलली जाते ती चेसिस, आणि चेसिसबरोबर इंजिन व बॉडी. ॲक्सल आणि त्याच्या मधला डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या दातेरी चाकांचा, गोळा जिथल्या तिथेच राहतो. जमिनीपासून त्या गोळ्याची उंची वाढवायची तर टायर मोठे घ्यावे लागतात, आणि तेव्हाही टायरचा व्यास जितका वाढेल त्याच्या निम्मीच उंची पदरात पडते. ६.००-१६ मापाचा टायर काढून ७.००-१६ घातला तर व्यास साधारण दोन इंचांनी वाढतो, म्हणजे डिफरन्शियल सुमारे एक इंच वर येतो. पाट्यांच्या उंचीचा लाभ वेगळा आहे: चढाच्या पायथ्याशी पुढचा बंपर टेकत नाही, उंचवट्यावरून जाताना गाडीचे पोट घासत नाही, आणि एक चाक खड्ड्यात व दुसरे दगडावर असताना वर गेलेल्या चाकाला मडगार्डखाली जागा मिळते. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीला जाणाऱ्या वाटेवर पावसाळ्यानंतर जे चर पडतात, तिथे ही तिन्ही सुखे एकाच वेळी अनुभवाला येतात.

उंची मिळवण्याचे मार्ग अनेक आहेत आणि त्यांतले सर्वांत स्वस्त मार्गच सर्वांत जास्त सुचवले जातात. चेसिस आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालून फक्त बॉडी उचलणे हा सस्पेन्शनचा प्रकारच नव्हे, म्हणून तो मी बाजूला ठेवला. लांब शॅकल, म्हणजे पाट्याचे एक टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी, बसवणे हा दुसरा मार्ग. त्यात पाट्याचे एकच टोक खाली जाते, त्यामुळे शॅकल दोन इंचांनी लांब केली तर ॲक्सलपाशी उंची मिळते एकच इंच. त्यातून या जीपमध्ये पुढच्या पाट्यांच्या शॅकल पुढच्या टोकाला असतात. शॅकल लांबली की पाट्याचे पुढचे टोक खाली झुकते, ॲक्सल पुढे कलंडतो, आणि चाक ज्या खुंटीभोवती वळते त्या किंगपिनचा वरचा भाग मागे रेललेला असायला हवा तो पुढे येतो. या मागे रेलण्यालाच कॅस्टर म्हणतात, आणि वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होते ते त्याच्यामुळेच. कॅस्टर घटला की गाडी हमरस्त्यावर भरकटू लागते. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळे घालण्याचा मार्ग मागच्या ॲक्सलला मर्यादेत चालतो, मात्र पुढच्या ॲक्सलला तो कोणीही करू नये, कारण ब्रेक दाबताना पुढच्या ॲक्सलवर येणारा पीळ त्या ठोकळ्याला जागेवरून ढकलू पाहतो.

उरला तो पाटे ॲक्सलच्या खालून काढून वर बसवण्याचा मार्ग, आणि तरुण जीपप्रेमींना त्याचेच सर्वाधिक आकर्षण असते. या जीपमध्ये मुळात पाटे ॲक्सलच्या खाली असतात, त्यामुळे ते वर नेले की ॲक्सलच्या नळीची जाडी आणि पाट्यांच्या संचाची जाडी मिळून चार-पाच इंच उंची एका फटक्यात मिळते आणि जुने, मऊ झालेले पाटेही वापरता येतात. परंतु ॲक्सलवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात, स्टेअरिंगच्या दांड्यांचे कोन पार बिघडतात, आणि ॲक्सल पाट्यापासून दूर गेल्यामुळे जोर लावताना तो पिळला जाऊन पाट्याला इंग्रजी एस अक्षरासारखा बाक देतो. खडकांवर चालवण्यासाठीच राखून ठेवलेल्या गाडीला हे सारे सोपस्कार करणे योग्य ठरू शकेल. जी गाडी मुलुंडहून पूर्व द्रुतगती मार्गाने रोजच्या वाहतुकीत जाणार आहे, तिला चार इंच उंची देणे मला धोक्याचे वाटते. या जीपच्या दोन चाकांमधील रुंदी सुमारे ४८ इंच आहे. दाखल्यापुरता तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून २४ इंचांवर धरला, तर निम्मी रुंदी आणि ही उंची यांचे गुणोत्तर १ येते. तो मध्य दोन इंचांनी वर गेला की ते ०.९२ होते आणि चार इंचांनी गेला की ०.८६. हा आकडा जितका लहान, तितक्या कमी जोराच्या वळणात गाडी उलटते. मी मूळ उंची परत आणून तिच्यावर सुमारे दीड इंच एवढ्यावरच थांबायचे ठरवले, ते याच हिशेबाने.

इथे कायद्याविषयी सांगणे आवश्यक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. म्हणून काम सुरू करण्याआधी मी परिवहन कार्यालयाकडे आणि विमा कंपनीकडे कामाचे वर्णन देऊन लेखी विचारणा केली. ज्यांना होकार मिळणार नाही त्यांनी नवे पाटे घालून मूळ उंचीवर थांबावे. बसलेल्या गाडीला एवढ्यानेही जो फरक पडतो तो पाहून पुष्कळांची हौस तिथेच भागेल, असा माझा अंदाज आहे.

पाटे मी कुर्ल्याला सीएसटी रोडच्या एका गल्लीतील जुन्या कारागिराकडून करून घेतले. जुन्याच पाट्यांना पुन्हा कमान देता येईल का, असे मी त्यांना प्रथम विचारले. त्यांनी मेन पाटा हातात घेऊन उजेडाकडे तिरका धरला आणि मधल्या भोकाच्या कडेपासून निघालेली केसासारखी चीर मला दाखवली. “काका, एवढीशी चीर चालणार नाही का?” या माझ्या प्रश्नावर ते म्हणाले, “बाळा, पाटा तुटतो तो नेहमी इथूनच तुटतो. आणि गरम करून ठोकला तर आज उभा राहील, पावसाळ्यात परत बसेल.” त्यांच्या म्हणण्यामागे धातुशास्त्र आहे. पाट्यांचे पोलाद सिलिकॉन-मँगनीज जातीचे असते. ते लाल होईपर्यंत तापवून तेलात विझवायचे आणि नंतर ठरावीक तापमानाला पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवायचा, अशा दोन पायऱ्यांतून त्याला स्प्रिंगचा गुण येतो. नुसते भट्टीत तापवून कमान दिली आणि तसेच हवेत गार होऊ दिले, तर पोलाद मऊ राहते. रस्त्याकडेला होणारे कमानीचे काम टिकत नाही त्याचे कारण हेच.

आम्ही नवे संच घेतले आणि कमान ठरवताना वजनाचा विचार केला. जास्तीचा पाटा घालूनही उंची मिळते, पण त्याबरोबर कडकपणा वाढतो आणि रिकामी जीप मुंबईच्या पेव्हर ब्लॉकवर उसळू लागते. काकांनी पाट्यांची संख्या मूळचीच ठेवून कमान वाढवली, पुढच्या उजव्या संचाला डाव्यापेक्षा किंचित अधिक कमान दिली, आणि पाट्यांची टोके लगतच्या पाट्यावर घासू नयेत म्हणून त्यांना गोलाई दिली. हे शेवटचे काम त्यांनी न सांगता केले, आणि तेवढ्यावरून मला त्यांच्या कामाची खात्री पटली.

प्रत्यक्ष जोडणी भांडुपला एका मित्राच्या गाळ्यात झाली. सुरक्षेची एक गोष्ट या जीपपुरती खास आहे. हिचा हँडब्रेक मागच्या चाकांवर काम करत नाही, तो ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या तोंडावर, डिफरन्शियलकडे जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या मुळाशी असतो. त्यामुळे मागचा शाफ्ट सोडवला की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी मोकळी सुटते. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावल्याशिवाय आणि चेसिसखाली भक्कम घोड्या ठेवल्याशिवाय पान्याला हात लावू नये. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे तर कधीच नको.

पाट्यांना ॲक्सलशी आवळून धरणारे, समुद्राच्या खाऱ्या हवेत इतकी वर्षे काढलेले यू बोल्ट पान्याने निघण्याच्या पलीकडे गेलेले होते. ते कापूनच काढावे लागले. त्याचे मला दुःख झाले नाही, कारण यू बोल्ट एकदा आवळले की त्यांचे आटे ताणले जातात आणि ते पुन्हा वापरणे इष्ट नसतेच. नवे बोल्ट आणि नट नागदेवी स्ट्रीटवरून आणले होते. संच बसवताना सर्वांत जास्त लक्ष सेंटर बोल्टकडे दिले. पाट्यांच्या मधून जाणाऱ्या या बोल्टाचे डोके ॲक्सलच्या बैठकीतील भोकात नेमके बसले पाहिजे. ते भोकाच्या काठावर राहिले आणि तसेच यू बोल्ट आवळले गेले, तर ॲक्सल काही मिलिमीटर पुढे-मागे सरकतो आणि गाडी कायमची तिरकी चालते. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी टॉर्च धरून डोके भोकात उतरताना डोळ्यांनी पाहिले, मगच बोल्ट आळीपाळीने, कर्णरेषेत आवळले. शॅकलचे आणि पाट्यांच्या टोकांचे बोल्ट मात्र त्या वेळी सैलच ठेवले. रबरी बुश असताना गाडी अधांतरी असतानाच ते आवळले, तर गाडी जमिनीवर आल्यावर बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतात आणि लवकर फाटतात. म्हणून चाके टेकवून, गाडी दोन-चारदा दाबून, नंतरच ते बोल्ट घट्ट केले.

गाडी उभी राहिली की काम संपले असे वाटते. कोनांचे काम मात्र तेव्हाच सुरू होते, आणि या साऱ्या उद्योगातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग तोच आहे. या जीपचा चाकतळ, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधील अंतर, जेमतेम ८० इंचांचा असल्यामुळे मागचा प्रोपेलर शाफ्ट फार आखूड असतो. तो २० इंचांचा धरला, तर दोन इंचांच्या वाढीने त्याचा कोन सुमारे पावणेसहा अंशांनी वाढतो. लांब गाडीत हाच बदल निम्माही जाणवणार नाही. शाफ्टच्या दोन टोकांना असलेले क्रॉस, म्हणजे कोनातही फिरू देणारे सांधे, कोनात फिरताना प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग वाढवतात आणि दोनदा कमी करतात. ट्रान्स्फर केसचा दांडा आणि डिफरन्शियलचा पिनियन, म्हणजे शाफ्ट जिथे जोडला जातो तो दांडा, एकमेकांना समांतर असले तर एका क्रॉसने केलेली चूक दुसरा क्रॉस निस्तरतो, आणि शाफ्ट संथ फिरतो. समांतरपणा बिघडला की ठरावीक वेगाला गाडीच्या पोटातून घरघर येऊ लागते आणि क्रॉस काही महिन्यांत संपतात. आम्ही दोन्ही फ्लँजच्या तोंडावर कोनमापक टेकवून मोजणी केली. पिनियन दोन अंशांनी अधिक खाली पाहत होता. तेवढ्याच कोनाची पोलादी पाचर पाटा आणि बैठक यांच्यामध्ये बसवल्यावर दोन्ही कोन जुळले. ॲल्युमिनियमच्या पाचरी बाजारात मिळतात, पण यू बोल्टाच्या दाबाखाली त्या चेपतात, म्हणून पोलादीच घ्याव्यात. शाफ्टचा सरकता सांधा किती आत उरला आहे तेही गाडी घोड्यांवर ठेवून, चाके पूर्ण लोंबकळत असताना पाहिले.

पुढच्या ॲक्सलला मन मारून तडजोड करावी लागते. या जातीच्या जीपला सुमारे तीन अंश कॅस्टर अपेक्षित असतो आणि आमचा दोनच्याही खाली आला होता. पाचरीची जाड बाजू पुढे ठेवली की किंगपिन मागे रेलतो आणि कॅस्टर वाढतो, पण त्याच हालचालीत पुढच्या डिफरन्शियलचे तोंड खाली जाते आणि पुढच्या शाफ्टचा कोन वाढतो. पुढचा शाफ्ट फोर व्हील घातल्यावरच, तेही मंद वेगात, जोर ओढतो. स्टेअरिंग मात्र प्रत्येक क्षणी हातात असते. त्यामुळे मी कॅस्टरच्या बाजूने कौल दिला. वेग वाढवल्यावर चाक हातात थरथरत नाही आणि वळणानंतर स्वतःहून सरळ होते, एवढ्यावरून तो कौल योग्य होता असे मी म्हणेन.

स्टेअरिंग बॉक्सपासून चाकांकडे जाणाऱ्या दांडीचा, म्हणजे ड्रॅग लिंकचा, कोनही उंचीबरोबर वाढतो, आणि तो फार वाढला तर खड्ड्यात चाक वर-खाली होताना गाडी आपोआप एका बाजूला ओढली जाते. दीड इंचात तो सहन होण्याइतका राहिला. शॉकॲब्सॉर्बरच्या बाबतीत मात्र तशी सवलत नसते. जुने शॉक नव्या उंचीवर निम्म्याहून जास्त ताणलेले होते, म्हणजे चाक खड्ड्यात उतरले की पाटा थांबण्याआधी शॉकच थांबला असता आणि त्याची मुळे उपटली गेली असती. पाटा पूर्ण लोंबकळत असतानाचे आणि चेसिसच्या रबरी ठोकळ्याला (बंप स्टॉपला) टेकलेला असतानाचे, अशी दोन्ही अंतरे मोजून त्या मापांत बसणारे शॉक घेतले.

ब्रेकच्या रबरी होजकडे शेवटी वळलो, पण महत्त्व तिचे पहिले. मागचा ॲक्सल लोंबकळत ठेवून पाहिले तेव्हा चेसिसपासून ॲक्सलकडे येणारी होज ताणून सरळ झाली होती आणि तिच्या पितळी टोकापाशी रबरावर बारीक आडव्या चिरा उघडल्या होत्या. गाडी चाकांवर उभी असताना हीच होज धडधाकट दिसत होती. पुढच्या आणि मागच्या होज अधिक लांबीच्या घेऊन बदलल्या, ब्रेकमधील हवा काढली, आणि स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पुढच्या होज टायरला लागत नाहीत याची खात्री केली. ॲक्सलच्या ब्रीदरला, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याच्या भोकाला, रबरी नळी जोडून ती चेसिसच्या वर नेली, तेही त्याच वेळी उरकले. हिंदमाताला किंवा मिलन सबवेला साचलेल्या पाण्यात गरम डिफरन्शियल एकदम गार झाला की तो ब्रीदरमधून पाणी आत ओढतो, आणि ॲक्सल तिथेच खाली राहिलेला असल्याने वाढलेल्या उंचीचा त्याला काहीच उपयोग होत नाही.

पहिल्या काही शे किलोमीटरनंतर यू बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, कारण नवे पाटे एकमेकांवर बसताना संचाची जाडी किंचित कमी होते. माझ्या गाडीचे सगळे नट थोडेथोडे फिरले. राजमाचीच्या वाटेवर गाडीचे पोट कुठेही टेकले नाही, मात्र उतारावर आडवे जाताना ती पूर्वीपेक्षा अधिक झुकते हे स्पष्ट जाणवते आणि तिथे वेग कमी ठेवणे भाग आहे. पुढची बाजू उचलली गेल्यामुळे हेडलाइटचा झोतही वर गेला होता. गाळ्याच्या भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करून, भिंतीवर दिव्यांच्या केंद्राइतक्या उंचीची खडूची रेघ ओढून तो त्या रेघेखाली घेतला, आणि त्यानंतरच गाडी रात्री रस्त्यावर काढली.